‘राहायची सोय’ इंग्रजीत नेमकी कशी सांगायची

पुण्यात सदाशिव-नारायण पेठेतून चालताना विजेच्या खांबांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर चिकटवलेले कागद दिसतात: ‘मुलींसाठी कॉट बेसिसवर राहण्याची सोय. गरम पाणी. मेस जवळच.’ माझी भाची साताऱ्याहून शिकायला आली, ती अशाच एका खोलीत दोन वर्षं राहिली. तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं, खिडकीत वाळत घातलेले टॉवेल. पुढे तिला इंग्लंडमध्ये लीड्सला एमएस्सीला प्रवेश मिळाला आणि तिनं तिथल्या एका घरमालकिणीला मेल लिहिला, ‘आय ॲम लुकिंग फॉर अकॉमोडेशन ऑन कॉट बेसिस.’ उत्तर अगदी सौजन्याचं आलं, पण त्यात एक प्रश्न होता: बाळ किती महिन्यांचं आहे?

ब्रिटनमध्ये ‘कॉट’ म्हणजे तान्ह्या बाळाचा कठड्याचा पलंग. अमेरिकेत ‘कॉट’ म्हणजे घडीची खाट. ‘कॉट बेसिस’ हा आपल्या पेठांमधला शब्द, तिथे तो कुणाला कळण्याचं कारण नाही. खुलाशाची पत्रापत्री दोन दिवस चालली आणि तोवर खोली दुसऱ्या मुलीला गेली.

मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते. परदेशी निघालेली मुलं, त्यांच्याकडे जाणारे आईवडील आणि कोकणात होमस्टे चालवणारी माणसं या तिघांचीही अडचण मला एकाच ठिकाणी दिसते. मराठीत ‘राहायची सोय’ म्हटलं की सगळं येतं: आत्याकडचे चार दिवस, वसतिगृह, भाड्याची खोली, लग्नाच्या वऱ्हाडासाठी घेतलेला हॉल. इंग्रजीत असा एक शब्द नाही. तिथे शब्द इमारतीवरून ठरत नाही, नात्यावरून ठरतो. म्हणून लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी स्वतःशी पक्क्या करा. मालक त्याच घरात राहतो का? पैसे द्यायचे आहेत का? किती दिवसांसाठी? ही उत्तरं हाताशी असली की पुढचं सोपं आहे.

आधी ‘स्टे’ आणि ‘लिव्ह’ वेगळे करा

बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या, कारण विमानतळावर हाच प्रश्न येतो.

आपल्याकडे ‘तुम्ही कुठे राहता?’ याचं इंग्रजी ‘व्हेअर डू यू स्टे?’ असं सर्रास होतं. भारतात ते चालतं. स्कॉटलंडमध्येही ‘स्टे’ कायमच्या राहण्यासाठी वापरतात. इतरत्र मात्र ‘स्टे’ म्हणजे तात्पुरता मुक्काम आणि ‘लिव्ह’ म्हणजे घर करून राहणं. हा फरक मराठीला मुळीच परका नाही. ‘कुठे राहता?’ आणि ‘कुठे उतरलात?’ हे दोन प्रश्न आपण कधी एकमेकांत मिसळत नाही. पंढरपूरला गेलेला माणूस मठात उतरतो, राहतो आपल्या गावी. उतरणं म्हणजे ‘स्टे’, राहणं म्हणजे ‘लिव्ह’. मनातलं मराठी वाक्य ‘उतरणे’ वापरून करून बघा, म्हणजे इंग्रजी आपोआप बरोबर येईल.

मुलीकडे सहा आठवड्यांसाठी निघालेल्या आईला इमिग्रेशनच्या खिडकीवर विचारतात, ‘व्हेअर विल यू बी स्टेइंग?’ उत्तर असावं, ‘आय ॲम स्टेइंग विथ माय डॉटर, फॉर सिक्स वीक्स.’ बऱ्याच जणी ‘आय विल लिव्ह विथ माय डॉटर’ म्हणतात. मनात काही नसतं, पण ऐकणाऱ्या अधिकाऱ्याला ते ‘मुलीकडे राहायलाच आले आहे’ असं ऐकू येतं आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाकडून नेमकं हेच ऐकायला त्यांना नको असतं. मग चार प्रश्न जास्त. माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांकडून मी हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणवून घेते. तोंडात बसलं पाहिजे, कारण चौदा-पंधरा तासांच्या प्रवासानंतर व्याकरण आठवत नाही.

‘स्टे’च्या पुढे काय येतं तेही बघा. माणूस असेल तर ‘विथ’: स्टेइंग विथ माय सन. हॉटेल असेल तर ‘ॲट’. शहर असेल तर ‘इन’. मराठीत ‘मुलाकडे’ म्हणतो म्हणून ‘स्टेइंग टू माय सन’ किंवा ‘ॲट माय सन’ असं होऊन जातं. ‘ॲट माय सन्स प्लेस’ चालेल, नुसतं ‘ॲट माय सन’ नाही.

ओळखीच्या माणसाकडे उतरायचं असेल तर

इथे सगळ्यात घरगुती क्रियापद आहे ‘पुट अप’. कुणाला चार दिवस आपल्याकडे ठेवून घेणं, झोपायला जागा देणं, हा त्याचा अर्थ. माणूस दोन शब्दांच्या मध्ये येतो: ‘कुड यू पुट मी अप फॉर थ्री नाइट्स?’ यजमान म्हणेल, ‘ऑफ कोर्स, वी कॅन पुट यू अप.’ पैशांचा विषय यात नसतो.

याच्या शेपटीला ‘विथ’ लागलं की अर्थ पार पालटतो. ‘पुट अप विथ’ म्हणजे खपवून घेणं, सोसणं. ‘कॅन यू पुट अप विथ मी फॉर थ्री डेज?’ म्हणजे ‘मला तीन दिवस सहन कराल का?’ ही चूक मी इतक्यांदा तपासून दुरुस्त केली आहे की हे शब्द दिसले तरी हात लाल पेनाकडे जातो. ‘स्टे’ला ‘विथ’ लागतं, ‘पुट अप’ला लागत नाही.

नातं अगदीच सलगीचं असेल, कॉलेजातला मित्र असेल, तर ‘कॅन आय क्रॅश ॲट युअर प्लेस?’ म्हणतात. आपण ‘तुझ्याकडे पथारी टाकतो’ म्हणतो, त्यातलं हे. सतरंजी, सोफा, काहीही चालेल असा त्याचा सूर आहे. काकांना किंवा प्राध्यापकांना लिहिताना हा शब्द नको.

‘स्टे ओव्हर’ म्हणजे एखादी रात्र राहणं. ‘हॅव समवन ओव्हर’ म्हणजे मात्र घरी बोलावणं, बहुतेक वेळा जेवायला किंवा चहाला. ‘वुड लाइक टू हॅव यू ओव्हर ऑन सॅटरडे’ असा निरोप आला तर बॅग भरू नका.

देणाऱ्याच्या बाजूचा सभ्य शब्द ‘होस्ट’. त्यानंतर ‘टू’ वगैरे काही लागत नाही: ‘वी आर होस्टिंग टू स्टुडंट्स.’ ‘होस्ट’ आणि ‘गेस्ट’ हे दोन्ही शब्द फार पूर्वीच्या एकाच धातूपासून आले आहेत, एक लॅटिन-फ्रेंच वाटेनं आणि दुसरा जर्मॅनिक वाटेनं. आज पाहुणा असलेला उद्या यजमान होतो, ही समजूत बहुधा त्या मुळातच असावी, असं मला वाटतं.

‘टेक इन’ हे क्रियापद निराधाराला किंवा पैसे देऊन राहणाऱ्याला घरात घेण्यासाठी वापरतात. पण ‘आय वॉज टेकन इन’ म्हणजे ‘माझी फसवणूक झाली’ असाही अर्थ होतो, तेव्हा जपून. ‘शेल्टर’ म्हणजे आसरा. आणि ‘हार्बर’ म्हणजे थारा, तोही मराठीसारखाच: गुन्हेगाराला थारा दिला, असं आपण म्हणतो तिथे. पाहुण्याला कुणी ‘हार्बर’ करत नाही.

पैसे द्यायचे असतील तर

आता शब्दांना कायदा चिकटतो. चुकलेला शब्द इथे पैशात मोजावा लागतो.

घरापासून सुरुवात करू. महाराष्ट्रात आपण करतो तो करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा. यातला ‘लीव्ह’ बहुतेकांना ‘सोडून जाणे’ वाटतो. तसं नाही. इथे ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी. सैन्यात किंवा कचेरीत ‘लीव्ह’ मिळते तीही मुळात परवानगीच. मराठी ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला, त्याचाही मूळ अर्थ संमती, आणि ‘आता रजा घेतो’ म्हणताना आपण निरोपाची परवानगीच मागतो. तर लीव्ह अँड लायसन्स म्हणजे मालकानं जागा वापरायला दिलेली परवानगी. जागेत त्यानं आणखी कुठलाही हक्क तयार होत नाही. म्हणून या करारात ‘टेनंट’ आणि ‘लँडलॉर्ड’ नसतात, ‘लायसन्सी’ आणि ‘लायसन्सर’ असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. 11 महिन्यांचा केला म्हणून नोंदणी टळत नाही.

‘पेइंग गेस्ट’ची व्याख्याही याच कायद्यात आहे: मालक स्वतः जिथे राहतो त्या घराचा काही भाग ज्याला परवान्यावर दिला आहे, असा घराबाहेरचा माणूस. आज पुण्यात किंवा हिंजवडीत ज्या अख्ख्या इमारतींवर ‘पीजी’ लिहिलेलं असतं, तिथे मालक राहतच नाही. इंग्रजीत अशा जागेला ‘हॉस्टेल’ किंवा ‘शेअर्ड अकॉमोडेशन’ म्हणणंच खरं.

ब्रिटनमध्ये पेइंग गेस्टच्या जागी रोजचा शब्द आहे ‘लॉजर’. मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहणारा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा सामाईक. ‘टेनंट’ म्हणजे स्वतंत्र जागा भाड्यानं घेतलेला. हा फरक नीट समजून घ्या. टेनंटला काढायचं तर घरमालकाला कायद्याची पूर्ण वाट चालावी लागते. लॉजरला वाजवी मुदतीची सूचना दिली की पुरतं. इंग्लंडमध्ये खाजगी घरमालकानं नेहमीच्या टेनंटची अनामत 30 दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवायची असते; लॉजरच्या अनामतीला ते बंधन नाही. म्हणजे तुम्ही लॉजर असाल तर अनामतीची लेखी पावती मागून घेणं तुमच्या हातात. तिथले लोक लॉजर का ठेवतात, त्याचं एक कारण सरकारी सवलत हेही आहे: स्वतःच्या घरातली सजवलेली खोली भाड्यानं दिली तर वर्षाला 7,500 पौंडांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही.

‘रूममेट’वरून अमेरिका आणि ब्रिटन वेगळे वागतात. अमेरिकेत एका अपार्टमेंटमध्ये वेगवेगळ्या खोल्यांत राहणारेही रूममेट्सच. ब्रिटनमध्ये रूममेट म्हणजे त्याच खोलीत झोपणारा. फक्त फ्लॅट एक असेल तर ‘फ्लॅटमेट’, घर असेल तर ‘हाउसमेट’. लंडनच्या ऑफिसात ‘माय रूममेट’ म्हणालात तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एका खोलीत दोन पलंग येतात.

आपल्या पीजीच्या जाहिरातींतलं ‘डबल शेअरिंग, ट्रिपल शेअरिंग’ही इथेच ठेवून जा. तिथे ‘ट्विन रूम’ म्हणजे दोन वेगळे पलंग असलेली खोली आणि ‘डबल रूम’ म्हणजे एक मोठा पलंग असलेली. भाड्याच्या जाहिरातीत ‘डबल रूम’ दिसली तर ती अनेकदा एकाच माणसासाठी असते. दोन मैत्रिणींनी मिळून अशी खोली घ्यायच्या आधी ‘इज इट फॉर सिंगल ऑक्युपन्सी?’ असं विचारा.

‘रेंट’ दोन्ही बाजूंनी चालतो, आपल्या ‘भाड्यानं’सारखाच, मालकाची बाजू स्पष्ट करायची तर ‘रेंट आउट’ किंवा ब्रिटिश ‘लेट’. ‘सब्लेट’साठी मराठीत फार नेमका शब्द आहे, पोटभाड्यानं देणं. उन्हाळ्यात भारतात येताना खोली मित्राला देणार असाल तर ते सब्लेटच, आणि त्याला मूळ मालकाची लेखी संमती लागते. मित्र आहे, पैसे थोडेच घेतो, असं म्हणून भागत नाही.

जेवणाचं वेगळं विचारा

कोल्हापुरात ‘बोर्डिंग’ म्हणजे वसतिगृह. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग हाउस निघालं. आपल्या तोंडात हा शब्द तिथून बसला, म्हणून आपल्याला ‘बोर्डिंग’ म्हटलं की झोपण्याची खोली दिसते.

इंग्रजीत मात्र ‘बोर्ड’ म्हणजे जेवण. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, फळीचं झालं जेवणाचं टेबल आणि टेबलाचं झालं जेवण. झोपण्याचा भाग तो ‘लॉजिंग’. एसटी स्टँडासमोरच्या पाट्यांवर ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ असतं ते याच अर्थानं: जेवण आणि मुक्काम. त्यातला ‘लॉज’ तेवढा मराठीत स्वस्त हॉटेलाचं नाव होऊन बसला.

‘फुल बोर्ड’ म्हणजे तिन्ही वेळचं जेवण, ‘हाफ बोर्ड’ म्हणजे न्याहारी आणि रात्रीचं जेवण. ‘सेल्फ-केटरिंग’ म्हणजे स्वयंपाक तुमचा तुम्ही करायचा. ‘बेड अँड ब्रेकफास्ट’साठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या योजनेत ‘निवास व न्याहारी’ हे सुंदर मराठी आलं आहे.

कोकणातल्या माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी आपल्या होमस्टेच्या माहितीत ‘फुल बोर्डिंग अव्हेलेबल’ लिहिलं होतं. त्यांच्या मनात होतं, घर पूर्ण भाड्यानं मिळेल. परदेशी जोडपं आलं ते तिन्ही वेळ जेवायला मिळणार असं धरून, आणि त्या दिवशी घरात ताजे मासे नव्हते, गॅसही संपत आलेला. वहिनींनी घावन आणि सोलकढी करून वेळ निभावली. नंतर आम्ही बसून मजकूर बदलला: ‘एंटायर हाउस. ब्रेकफास्ट इन्क्लूडेड. लंच अँड डिनर ऑन रिक्वेस्ट, प्लीज ऑर्डर द इव्हनिंग बिफोर.’ त्यानंतर तशी वेळ आली नाही. होमस्टेवाल्यांनी यातलं शेवटचं वाक्य तरी जसंच्या तसं उचलावं.

सरकारी आणि संस्थेच्या भाषेत

‘अकॉमोडेट’ हे संस्थेचं क्रियापद. ‘द हॉल कॅन अकॉमोडेट 60 गेस्ट्स.’ स्पेलिंगमध्ये सी दोनदा आणि एमही दोनदा, हे एकदा वहीत लिहून टाका. ब्रिटिश इंग्रजीत ‘अकॉमोडेशन’ला अनेकवचन नाही आणि त्याआधी ‘ॲन’ही नाही, अमेरिकेत अनेकवचन चालतं. ओळखीच्या माणसाला ‘कॅन यू अकॉमोडेट मी?’ लिहिलं तर चूक नाही, पण ते कचेरीच्या पत्रासारखं वाटतं.

‘हाउस’ हे क्रियापद झालं की उच्चार बदलतो, शेवटी ‘झ’ येतो: हाउझ. मोठ्या संख्येनं माणसांची सोय केली तर हेच वापरतात. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 पर्यंत सुमारे 5,000 पोलिश निर्वासितांची छावणी होती. इंग्रजीत लिहायचं तर ‘पोलिश रेफ्यूजीज वेअर हाउझ्ड ॲट वळिवडे.’ इथे ‘पुट अप’ लिहिलं तर हलकं वाटतं.

‘क्वार्टर’ आणि ‘बिलेट’ हे सैन्याचे शब्द, रोजच्या वापरात लागणार नाहीत, पण वाचनात येतात. ‘क्वार्टर’ म्हणजे सैनिकांना राहायला जागा देणं. अमेरिकेच्या राज्यघटनेत 1791 मध्ये आलेली तिसरी दुरुस्ती सांगते की शांततेच्या काळात घरमालकाच्या संमतीवाचून कुणाच्या घरी सैनिक ठेवायचे नाहीत. पोलीस क्वार्टर्स, रेल्वे क्वार्टर्स हे आपले शब्द याच कुळातले. ‘बिलेट’ म्हणजे मुळात चिठ्ठी, अमुक घरात अमुक माणसाला ठेवा असा हुकूम असलेली. सप्टेंबर 1939 च्या पहिल्या दिवसांत ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं सुमारे 15 लाख लोकांना, त्यात बहुतेक मुलं, शहरांतून खेड्यांत हलवलं आणि अनोळखी घरांत ‘बिलेट’ केलं. पहिल्या मुलामागे घरमालकिणीला आठवड्याला 10 शिलिंग 6 पेन्स मिळत, पुढच्या प्रत्येकामागे 8 शिलिंग 6 पेन्स. हा शब्द वाचला की गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवून फलाटावर उभी असलेली ती मुलं मला दिसतात.

आता प्रत्यक्ष लिहा

घरमालकाला पहिला मेल पाच-सहा वाक्यांचा पुरतो. आधी आपण कोण ते सांगा: ‘आय ॲम अ फुल-टाइम स्टुडंट फ्रॉम इंडिया.’ मग काय हवं आणि केव्हापासून: ‘आय ॲम लुकिंग फॉर अ सिंगल रूम फ्रॉम 15 सप्टेंबर, फॉर 12 मंथ्स.’ मग नात्याचा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही आणि जो सगळ्यात महत्त्वाचा: ‘वुड आय बी अ लॉजर इन युअर होम, ऑर अ टेनंट इन अ शेअर्ड हाउस?’ मग खर्च: ‘आर बिल्स इन्क्लूडेड?’ बिल्स म्हणजे गॅस, वीज, पाणी, इंटरनेट. शाकाहारी असाल आणि स्वयंपाकघर सामाईक असेल तर तेही सरळ लिहा, त्यात संकोच नको. पैसे मात्र खोली व्हिडिओवर तरी बघितल्याशिवाय आणि लेखी करार हाती आल्याशिवाय पाठवू नका.

आईवडिलांसाठी निमंत्रणपत्र लिहिताना दोन वाक्यं नेमकी हवीत: ‘माय पेरेंट्स विल स्टे विथ मी ॲट द अबव्ह ॲड्रेस फ्रॉम 3 मे टू 20 जून.’ आणि ‘आय विल प्रोव्हाइड देअर अकॉमोडेशन.’ राहण्याखाण्याचा खर्च तुम्ही करणार असाल तर तिसरं वाक्य त्याचं. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला असं पत्र बंधनकारक नाही, पण पत्ता आणि तारखा आईवडिलांना पाठ हव्यात.

निघताना यजमानाला काय म्हणायचं, ते राहिलं. मराठी मनात ‘इतके दिवस ठेवून घेतलंत’ असतं, म्हणून ‘थँक यू फॉर कीपिंग मी’ होतं, आणि ते इंग्रजी कानाला विचित्र लागतं. तिथे म्हणतात, ‘थँक यू फॉर हॅविंग मी.’ माझ्या भाचीला शेवटी लीड्समध्येच एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी लॉजर म्हणून खोली मिळाली. वर्ष संपल्यावर तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेच चार-पाच शब्द लिहून ठेवले, आणि खाली देवनागरीत ‘येते’ असं लिहिलं. बाईंनी फोनवर विचारलं, हे कसं वाचायचं. ‘जाते’ का लिहिलं नाही, तेही तिनं त्यांना सांगितलं.